अळणी राजवाड्याची बखर

श्रीगजानन प्रसन्न. जे गवाक्षांत उभे राहिले त्यांस, जे खांबांस टेकले त्यांस, आणि त्यांचे मागे ज्यांनी चूल पेटती ठेविली त्यांस नमस्कार करोन लेखनास आरंभ केला. साहेबीं पृच्छा केली जे, "प्रणयाच्या अद्भुत पोथ्या आम्ही पुष्कळ वाचिल्या. पानोपानी राजे, राण्या, युवराज, राजकन्या. सकळ देखणे, सकळ सर्वविद्यानिपुण, आणि सकळ प्रेमांत बुडालेले. तर मग त्या मुलखीं राज्य कोण करितो?" प्रश्न मार्मिक. सेवकास उत्तर ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसलेले उत्तर ठोकोन देण्याची सेवकास खोड नाही. म्हणोन शोध केला, आणि जे हातीं आले ते हुजूर मांडिले आहे.

शके तेराशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सरीं, घाटमाथ्यावर एक राज्य होते. त्याचे नांव पोथीकारांनी दिले नाही, सबब आम्हीही देत नाही. त्या राज्यीं ऐसा रिवाज होता की, राजवंशी मूल सोळा वर्षांचे होई तोंवर त्यास सकळ विद्या शिकवाव्या, भाषा शिकवाव्या, तहाची कलमे शिकवावी, तोफ कशी डागावी आणि दुष्काळांत कोठार कसे उघडावे हेही शिकवावे. कारण की पोथींत नायकाचे नांव प्रथम येते तेथे "सर्व विद्यांत निपुण" हे शब्द लागतात, आणि खोटे लिहू नये ही तेथील लेखकांची शपथ. मग सोळावे सरले की विद्या पेटींत घालावी, आणि राजवंशीयाने प्रेमांत पडावे, आणि त्या प्रेमाचा निकाल लागे तोंवर राजकाजास हात लावू नये. आणि निकाल तर लागतच नसे, कारण निकाल लागला की पोथी संपते. या सर्वावर देखरेखीस एक हुद्दा होता, त्यास प्रणयनवीस म्हणत. त्या समयीं हुद्द्यावर त्रिंबकपंत होते. कृश देह, करडी मिशी, कानावर लेखणी, आणि दूरवरचा उसासा ऐकोन तो कोणाचा व कोणासाठी हे अचूक सांगत, ऐसी त्यांची ख्याती.

त्या घराण्याची जमेची बाजू पाहावी तर डोळे दिपावे. महाराज तरुणपणीं न्याय ऐसा करीत की वादी प्रतिवादी एकाच घोड्यावर बसोन घरी जात. मग कोणा जोगिणीचा शाप लागला आणि स्मृती गेली, आणि तेव्हांपासोन ते रोज सकाळीं आपल्याच राणीच्या प्रेमांत नव्याने पडत. "ही कोण सुंदरी?" ऐसे पुसत, आणि राणीसाहेबांस रोज नव्याने लाजावे लागे. या राणीसाहेब कोण? तर ज्यांनी एकदां सरहद्दीवर मेण्याचा पडदा सारोन दोन घटका भाषण केले आणि चाल करोन आलेली फौज परत पाठविली, त्या. आतां लाजण्यांतच त्यांचा दिवस जाई. युवराज रणधवल यांस सुरुंगाची विद्या ऐसी अवगत की डोंगरास कान लावोन तो कोठे पोकळ हे सांगत. मग घाटापलीकडच्या जत्रेंत त्यांनी बुरखा घेतलेली एक यक्षकन्या पाहिली, तिचे कंकण काजव्यासारखे लकाकले, ती गर्दीत नाहीशी जाहली, आणि युवराज जे येवोन दक्षिण सोप्याच्या खांबास टेकले ते टेकलेच. त्या खांबाचा रंग खांद्याच्या उंचीवर पार उडोन गेला होता. ऐसी ही जमा. खर्चाचे बाजूस पाहावे तर उसासे, आणि गुलाबपाणी.

राहिल्या धाकट्या राजकन्या कुमुदिनीबाई. त्यांचा नायक अद्यापि आला नव्हता, म्हणोन त्यांस प्रेमही नाही आणि कामही नाही. दुपार कलली की पूर्वेच्या गवाक्षांत उभे राहावे, एवढीच त्यांची चाकरी. बाई कोरड्या मनाच्या होत्या ऐसे कोणी समजू नये. त्यांच्यासाठी एक कुसुंबी शालू राखोन ठेविला होता, नायक प्रथम दिसेल त्या दिवशीं नेसावयाचा. बाई अधूनमधून तो उघडोन पाहात, आणि कोणी पाहात नसता मान कशी वळवावी याची तालीम करीत, आणि ती मान त्यांस साधलीही होती. परंतु गवाक्षांतून जो घाट दिसे त्याकडे पाहातां पाहातां, कोठे वळण अरुंद, कोठे पाणी मुरते, कोठे बैल घसरेल, हेही मनांत आपोआप मांडले जाई. शिकविलेले कोठे जाते? पेटीस कुलूप असले तरी आंत ते जागेच असते.

तर ज्येष्ठ मासीं एके दिवशीं बाई भोजनास बसल्या, पहिला घास घेतला, आणि थांबल्या. मग मुदपाकखान्याचे आचारी धोंडभट यांस बोलाविले.

"धोंडभट, ही आमटी कशाची?"

"तुरीची, बाईसाहेब."

"मीठ घालावयास विसरलात?"

धोंडभटांनी उपरण्याने घाम पुसला. "विसरलो नाही. मीठच नाही. होळीनंतर चिमूटचिमूट पुरविले, आज मडके खरवडोन झाले."

"आणि इतुके दिवस कोणी बोलले नाही? माझ्या ताटीं तर येत होते."

"आपण चव घेऊन जेवतां, म्हणोन होते तेवढे आपल्या ताटीं घातले. बाकीच्यांस कळते कोठे? महाराज राणीसाहेबांकडे पाहात जेवतात. राणीसाहेब लाजतां लाजतां जेवतात. परवां मी चिडोन युवराजांस नुसती दोडक्याची साल उकडोन वाढिली. तर म्हणाले, 'तिच्यावांचोन सकळ अन्न ऐसेच लागते.' आतां यावर आचाऱ्याने काय बोलावे, तुम्हीच सांगा!"

बाई हंसल्या, आणि मग हंसू ओसरले, कारण की राजवाड्यांत मीठ नाही तर गावांत काय असेल हा विचार पाठोपाठ आला. त्या उठल्या आणि खुद्द पुसावयास लागल्या, आणि पुसतां पुसतां कळले ते ऐसे. मीठ खालून दर्याकांठच्या राज्यांतून येत असे. जुना करार होता की, घाट या राज्याने राखावा आणि मीठ त्या राज्याने धाडावे. गेल्या पावसाळ्यांत घाटांत मोठी दरड आली, वाट बुजली, लमाणांचे बैल कड्यावरोन गेले. खालच्या राजाने तक्रारी धाडिल्या. राजवाड्यांत जो कागद येई तो प्रथम प्रणयनविसाकडे जाई, आणि त्रिंबकपंत तो नाकास लावोन पाहात, आणि अत्तराचा वास नसेल तर बाजूस ठेवीत. गावांत त्या वर्षी कोणी लोणचे घातले नाही, कैऱ्या झाडाखालीं कुजल्या. गुरे मातीच्या भिंती चाटीत. कोळणीकडे जुने खारवलेले मासे होते, ते लोक पाण्यांत उकळोन ते पाणी भाजींत घालीत. हे ऐकोन बाई त्रिंबकपंतांकडे गेल्या.

"पंत, घाट उघडला पाहिजे."

"अवश्य, बाईसाहेब. युवराजांच्या प्रणयाचा निकाल लागतांच."

"तो केव्हां लागेल?"

पंतांनी लेखणी कानावरोन काढिली, पाहिली, पुन्हां ठेविली. "पोथी चांगली चालली आहे. इतुक्यांत लागू नये."

"मग मी हुकूम देते."

"बाईसाहेब," पंत हळूच बोलिले, आणि त्यांत दरारा नव्हता, काळजीच होती, "नायिकेने राजकाजास हात लाविला की ती कथाबाह्य होते. पोथींतून नांव खरवडावे लागते. शालू कोणा दुसरीस जातो. पुन्हां गवाक्षांत उभे राहातां येत नाही. आपल्या आत्याबाईंनी एकदां विहिरींचा बंदोबस्त केला होता. त्यांचे नांव काय, सांगा पाहूं?"

बाईंस आठवेना. आत्या होती हेच त्यांस प्रथम कळले. त्या गवाक्षाशीं परतल्या, आणि त्या दिवशीं मान वळविण्याची तालीम केली नाही.

तो दोन दिवसांनी भर दुपारीं राजवाड्याच्या वेशीशीं एक स्वार आला. हा दर्याकांठच्या राजाचा वकील, रायाजी नाईक. मिठाचा करार मोडावा की ठेवावा याचे शेवटचे बोलणे करावयास आला होता. परंतु त्याचे दैव फिरले होते. वय तरुण, खांदे रुंद, घोडा काळा, आणि सोबतचे लोक दरडीपाशीं अडकल्यामुळे एकटा. तेथील रिवाज ऐसा की, काळ्या घोड्यावर एकटा तरुण आला की तो नायक. मग कोण कुठला हे पुसावयाचे नाही, कारण गूढ राहिले पाहिजे. दरवाजाशींच त्यास अत्तर लाविले, कानावर मोगऱ्याचा गजरा ठेविला, आणि बागेंत नेले. भेट चांदण्यांत व्हावी हा नियम, आणि हा तर उन्हांत आला. मग पंतांनी मुदपाकखान्यांतून चांदीची मोठी परात आणविली, बांबूस बांधिली, आणि चंद्र म्हणोन आंब्याच्या झाडाशीं उभी करविली. कारंजाचे पलीकडे तीन दासी वीणा घेऊन बसल्या, आणि त्यांचे बाजूस झुडुपामागे पंत लेखणी घेऊन बसले. त्यांनी पाहावे, परंतु ऐकू नये, ऐसी जागा नेमलेली. कारण की पोथींत मुद्रा आणि उसासे लिहीत, बोलणे पोथीकार आपल्या मनाचे घालीत.

कुमुदिनीबाई कुसुंबी शालू नेसोन आल्या. हृदय धडधडत होते हे लपवू नये. वकिलाने लवोन मुजरा केला, गजरा नाकावर घसरला, आणि तो घाईने बोलिला, "बाईसाहेब, माफी असावी. काही गफलत होते आहे. मी दर्याकांठच्या राजाचा वकील, रायाजी नाईक, मिठाचे बोलणे घेऊन आलो. घरी बायको आहे, दोन मुले आहेत, आणि हा गजरा मी मागितला नव्हता."

शालूचा पदर बाईंनी एकवार मुठींत धरिला आणि सोडिला. मग म्हणाल्या, "नाईक, बसा. उजवा हात छातीवर ठेवा. त्या झुडुपामागे पंत पाहात आहेत. आतां मिठाचे बोला."

"हात कशास, बाईसाहेब?"

"हात काढला तर वीणा थांबेल, वीणा थांबली तर पंत येतील, आणि पंत आले तर पुढचे बोलणे चंद्रावर करावे लागेल. बोला."

नाईकाने हात छातीवर ठेविला आणि बोलिला की, ज्येष्ठी पौर्णिमेस राजवंशांतले कोणी खासे घाटांत यावे, पहार हातीं धरोन दरड फोडण्यास आरंभ करावा, आणि उभय पक्षांच्या लोकांदेखत मीठ खावोन वाट राखण्याची शपथ घ्यावी. नाहीतर मिठाचे तांडे दुसऱ्या घाटाने दुसऱ्या राज्यांत जातील, आणि एकदां वळलेली वाट पुन्हां वळणार नाही.

"कारकून पाठविला तर?"

"आमचे महाराज म्हणाले, कारकुनाने खाल्लेले मीठ कारकुनापुरते."

"खरे बोलिले. आतां माझे ऐका, आणि मधून उसासा टाका. दरड जेथे पडली तेथून खालचा उतार तुमच्या मुलखांत. तेथे पाणी मुरते म्हणोन वरचा कडा सुटला. वाट आम्ही राखूं, परंतु पाण्याचा चर तुम्ही खणला पाहिजे. आणि पहिले तीन तांडे गावांत उतरतील, राजवाड्यांत नव्हे. राजवाड्यांत कोणास घाई नाही."

नाईकाने उसासा टाकिला, आणि तो खरा होता. "चराचे आमच्याकडे कोणी बोलिले नव्हते. बाईसाहेब, हे आपण कोठे शिकलात?"

"सोळा वर्षांची होईतों सर्व शिकवितात. पुढे वापरूं देत नाहीत." मग त्यांनी पुसले, "नाईक, तुमची बायको तुम्हांस कैसी भेटली? चंद्र होता?"

"मिठागरावर भेटली. ऊन होते. खाऱ्या पाण्याने तिच्या पायाला भेगा पडल्या होत्या. मी गोड्या पाण्याचा तांब्या ओतला, तर म्हणाली, 'प्यायचे पाणी वाया घालविलेत.' तेव्हांपासोन भांडतोच आहो." आणि हे सांगतांना त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते पाहोन झुडुपामागे पंतांनी लेखणी झरझर चालविली. बाईंनीही ते पाहिले, आणि त्यांस वाटले की, आपण इतुके दिवस गवाक्षांत ज्याची वाट पाहिली ते बहुधा हेच असावे, फक्त तेथे मिठागर नव्हते.

मग बाई बंधूंकडे गेल्या. युवराज खांबास टेकले होते. "दादासाहेब, घाटांत शिळा आहे, हत्तीएवढी. पहारीने फुटणार नाही. सुरुंग कोठे लावावा?"

"शिळा?" युवराज दूर पाहात बोलिले, "कुमुदे, माझ्या हृदयावर जी आहे ती तुज दिसत नाही."

"दिसते की. परंतु तुमची यक्षकन्या घाटापलीकडच्या जत्रेंत दिसली ना? पुन्हां यावयाचे तर ती कोठून येईल?"

युवराजांनी मान फिरविली. मग खांब सोडिला. सेवकाने चौकशी केली, तेव्हां जे लोक पौर्णिमेच्या दिवशीं घाटांत होते ते सांगत की, ऐसा सेनापती आम्ही पाहिला नाही. युवराज दोराने कड्यावरोन उतरले, शिळेस कान लाविला, तळव्याने ठोकिले, "येथे फट आहे, येथे नाही, बत्ती येथे" ऐसे सांगितले, लोकांस नांवाने हांक मारिली, एकास कडेला जातां पाहोन दंडास धरोन मागे ओढिले, आणि त्यांच्या तोंडावर हंसू होते. बाई पाहात राहिल्या. हा पुरुष इतुकी वर्षे खांबाचा रंग घालवीत होता! सुरुंग उडाला, शिळा दुभंगली, धूर निवला. मग युवराजांनी पलीकडे पाहिले, तेथे कोणी यक्षकन्या नव्हती, आणि त्यांचे खांदे पुन्हां पहिल्याप्रमाणे उतरले.

उभय पक्षांचे लोक जमले. रायाजी नाईकाने पळसाच्या पानावर मीठ मांडिले, पहार पुढे केली. तेव्हां त्रिंबकपंत धापा टाकीत घाट चढोन आले आणि बाईंस बाजूस घेऊन म्हणाले, "बाईसाहेब, एक वाट आहे. युवराजांनी सुरुंग लाविला तो प्रेमाखातर, म्हणोन नियमांत बसला. आपणही म्हणा की, वकिलाच्या प्रेमापोटीं आलें. एवढेच मोठ्याने म्हणा. बागेची भेट मी लिहिलीच आहे. नांव राहील, शालू राहील. मीठही मिळेल."

बाईंनी पुसले, "आणि त्याच्या बायकोचे काय?"

"ती पोथींत नाही."

वारा सुटला होता, बाईंच्या अंगावरच्या कुसुंबी शालूवर धूळ बसली होती. बाईंनी शालूकडे पाहिले, खालच्या दर्याकडे पाहिले, आणि नाईकाकडे पाहिले. तो दचकलेला उभा होता, कारण त्यास ऐकू गेले होते. मग बाई पुढे जाहल्या, पदर खोचला, पहार उचलिली, फुटल्या शिळेवर पहिला घाव घातला, आणि मीठ चिमटींत घेऊन सकळांस ऐकू जाईल ऐसे बोलिल्या, "मी कोणाच्या प्रेमापोटीं आलें नाही. मी मिठासाठी आलें. ही वाट मी राखीन. खोटे बोलोन मीठ खातां येत नाही, पंत, ते घशांत अडकते." आणि मीठ खाल्ले. लोकांनी जयजयकार केला. पंतांनी मात्र डोळे मिटले.

तांडे वर आले. पहिले तीन गावांत उतरले, चवथा राजवाड्यांत. धोंडभटांनी त्या दिवशीं आमटी केली, आणि पंगत बसली. महाराजांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि मोठ्याने म्हणाले, "ही आमटी धोंडभटाची!" शाप लागल्यापासोन त्यांस आठवलेले हे पहिले नांव. राणीसाहेबांनी ऐसे पाहिले की त्या दृष्टीने दुसरी एखादी फौज परत गेली असती, आणि मग त्याच हंसल्या, लाजल्या मात्र नाहीत. युवराजांनी आमटी दोनदां मागितली. मग म्हणाले, "कुमुदे, त्या शिळेखालीं आणखी एक फट आहे. पावसाळ्याआधीं पाहावयास हवी." पंत घाईने बोलिले, "युवराज, खांब..." युवराज उठले आणि खांबाशीं गेले. परंतु पूर्वीं पाठ भिंतीकडे आणि डोळे आकाशाकडे असत, आतां तोंड घाटाकडे होते. कुमुदिनीबाई तेथे नव्हत्या. त्या दिवसापासोन त्या घाटाच्या चौकीवर जेवीत, आणि कुसुंबी शालू दुसऱ्या कोणा नायिकेसाठी घडी घालोन ठेविला गेला.

पंगत उठल्यावर त्रिंबकपंतांनी पोथी उघडिली, चाकू घेतला, आणि नियमाप्रमाणे नांव खरवडावयास बसले. गवाक्ष खरवडले, मान वळविणे खरवडले, परातीचा चंद्र खरवडला. शेवटीं एक ओळ राहिली, आणि तेथे पंतांचा हात थांबला. जिभेवर अद्यापि आमटीची चव होती. चौकडे पाहिले, कोणी नव्हते. मग त्यांनी चाकू ठेविला.

तात्पर्य साहेबांच्या प्रश्नाचे. त्या मुलखीं राज्य कोण करितो, तर ज्याचे नांव पोथींतून खरवडले जाते तो करितो. त्या घराण्याची सकळ विद्या, सकळ पराक्रम, सकळ वक्तृत्व पेटींत राहिले, त्यांतील एकीची पेटी उघडली, आणि तिची कथा तेथेच सरली. ती पोथी आजही वाचितात. तींत युवराजांचा विरह आहे, यक्षकन्येचे कंकण आहे, पक्वान्नांच्या पंगती आहेत, आणि नायकाच्या वंशावळींत, जो तो न थांबतां वाचोन पुढे जातो ऐसी एक ओळ आहे, "युवराजांस एक बहीण होती." ती ओळ पंतांनी खाल्ल्या मिठास जागोन ठेविली. त्या पंगतींत मीठ कोठून आले हे समजोन पंगतीचे पान वाचावे, ही विनंती. लेखनसीमा.